मूर्तीला झिरो नंबर, दातांना हार्ड

दुकानदारावर चिडावं की गिऱ्हाइकावर, हे या आठवड्यात ठरेना. रोह्याच्या बाजारपेठेत सॉफ्ट टूथब्रश मागितला, तर शेठनी काउंटरवर मीडियम ठेवला. पुन्हा सॉफ्ट म्हटल्यावर लहान मुलांचा, कार्टूनवाला पुढे केला. "मोठ्यांचा सॉफ्ट आम्ही ठेवतच नाही. त्यानं काय साफ होतंय?" शेजारच्या गृहस्थांनी मान डोलावली आणि हार्ड घेऊन गेले. तंबाखूच्या मिश्रीवरच्या माझ्या मागच्या लेखानंतर "आमच्या आजीच्या दातांवर बोलू नका" अशी पत्रं आली होती. त्या मंडळींनी आजचा लेख वगळला तरी चालेल, कारण आज आजोबांवर बोलायचं आहे.

पण आधी पेण. सध्या तिथे गणपतीच्या कारखान्यांत आखणीचे दिवस आहेत. अंगाचा रंग आता गनने मारतात, डोळे मात्र हातानेच. हमरापूरच्या एका कारखान्यात परवा बराच वेळ बसलो होतो. आखणी करणाऱ्या दादांनी झिरो नंबरचा ब्रश घेतला, रंगात बुडवला, वाटीच्या कडेवर फिरवून जादा रंग काढला. मग करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवली आणि भुवई ओढली. ब्रशचं फक्त टोक लागत होतं. बाजूच्या पोराने तसं करायला घेतलं, तर केस फाकले आणि रेघ जाड झाली. दादा न बघता म्हणाले, "दाबू नकोस रे. तो ब्रश आहे, पटाशी नाही." केस फाकलेला ब्रश पुन्हा डोळ्याला लावत नाहीत. त्याची बदली पाटाच्या रंगकामावर होते. ब्रश पाण्यात उभा विसरला तर टोक वाकतं, आणि विसरणाऱ्याला बोलणी बसतात.

कारखान्याच्या मागच्या मोरीत एका मगात घरच्यांचे टूथब्रश उभे होते. सगळ्यांचे केस दोन्ही बाजूंना पार आडवे झालेले. दादांचा त्यातला कुठला, ते विचारण्याचं धाडस मला झालं नाही.

ब्रश म्हणजे काय, हे पेणइतकं महाराष्ट्रात कुठल्या गावाला कळत असेल असं मला वाटत नाही. टूथब्रशचं कामही टोकानेच होतं. किटण आरशात दिसणाऱ्या गुळगुळीत भागावर कमी असतं. ते बसतं दात आणि हिरडी मिळतात त्या कडेला, म्हणजे आखणीच्याच जागी. तिथे ब्रश साधारण ४५ अंशांत तिरका धरायचा, दोन-तीन दात घ्यायचे, जागच्या जागी बारीक हलवायचं आणि पुढे सरकायचं. आतली बाजू, बाहेरची बाजू, चावायची बाजू. दाबलं की केस आडवे पडतात, टोक कडेपासून सुटतं आणि केसांचं अंग दाताला घासत राहतं. वर्षानुवर्षं हार्ड ब्रशने आडवं रेटल्यावर हिरडी मागे सरते आणि मुळाशी खाच पडते. झिजलेलं इनॅमल परत येत नाही. मग थंड पाणी झोंबतं, आणि त्यासाठीची महागडी पेस्ट त्याच दुकानात, त्याच शेठकडे मिळते. शेठ सॉफ्ट का ठेवत नाहीत याबद्दल मला संशय आहे, पुरावा नाही.

आता आजोबा. "आमचे आजोबा करंजाच्या, बाभळीच्या काडीने दात घासायचे, ती काय सॉफ्ट होती?" होती. दातवण तोंडात घातलं की आधी बराच वेळ चावायचं, धागे सुटून त्याचा मऊ कुंचा होईपर्यंत. कातकरीवाडीतल्या म्हाताऱ्यांना आजही विचारा. सुकी, कडक काडी कोणी हिरडीवर घासत नसे. शिवाय ती रोज फेकून द्यायची, म्हणजे आजोबा रोज नवा ब्रश वापरत होते. त्यांचा दाखला देणारा नातू तोच ब्रश दोन दिवाळ्या चालवतो. तीन महिन्यांनी, किंवा केस त्याआधी फाकले तर तेव्हाच, ब्रश बदलायचा असतो. कारखान्यात हे कोणाला सांगावं लागत नाही.

बाकी खरेदीचं सोपं आहे. केस मऊ, डोकं लहान, म्हणजे ते मागच्या दाढेपर्यंत पोचेल. जिभेचा रबर, वाकडी मान, तीन रंगांचे केस हा सगळा गनने मारलेला रंग. पेस्ट फ्लोराइडची, मोठ्यांना वाटाण्याएवढी पुरते; जाहिरातीतली लाट ही पेस्ट खपवायची युक्ती आहे. कोकम सरबत प्यायल्यावर लगेच घासू नका, अर्धा तास जाऊ द्या. आणि तंबाखूच्या मंजनांवर सरकारने १९९२ सालीच बंदी घातली. घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीपर्यंत तो कायदा पोचत नाही, हे मी मागे लिहिलं आहे. राज्य सरकारने २०२३ मध्ये स्वच्छ मुख अभियानासाठी सचिन तेंडुलकरला स्माईल अॅम्बेसेडर केलं. ते बरंच झालं. पण सचिननेही चेंडू सीमेपार घालवला तो टायमिंगवर, ताकदीवर नाही, हे पोस्टरवर कोणी छापलं असतं तर आमच्या शेठना कळलं असतं.

राहता राहिली वेळ. दोन मिनिटं, सकाळी आणि रात्री झोपताना. रात्रीचं जास्त महत्त्वाचं, आणि तेच आपण गाळतो. यावर रोह्याचं उत्तर ठरलेलं: "सकाळची रोहा-दिवा गाडी पकडायची असते, दोन मिनिटं कुठून आणू?" महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर टप्प्याच्या चौपदरीकरणाची २०११ पासून वाट बघणारी आपण माणसं. त्याच रस्त्यावर वडखळच्या कोंडीत तासभर मुकाट बसतो, एवढी सहनशक्ती. ती मोरीपाशी दोन मिनिटांत संपते, हे मला पटत नाही. धुळीने तोंड खरखरीत होतं म्हणून लोकांना हार्ड ब्रश आवडतो, असंही माझं एक मत आहे. दातांच्या डॉक्टरांना ते मान्य नाही.

दातांच्या लेखात महामार्ग कशाला घुसवला, असं विचारणारं पत्र येणारच, म्हणून आधीच सांगतो: हा मजकूर निम्मा वडखळला, थांबलेल्या एसटीत लिहिला आहे.

— कुंडलिकाकाठचा