संग्रह आणि अपरिग्रह

जॉर्ज अर्नेस्ट मॉरिसन हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे. १८९७ मध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’ या वृत्तपत्राचे वार्ताहर म्हणून ते पेकिंगला आले. पुढील वीस वर्षांत त्यांनी चीन व आसपासच्या आशियाई देशांविषयी युरोपीय भाषांत छापलेले साहित्य चिकाटीने जमवले. मोठ्या ग्रंथांबरोबर, इतरांनी रद्दीत टाकली असती अशी पत्रके आणि छोट्या पुस्तिकाही त्यांनी जपल्या. संग्रह सुमारे २४,००० वर पोहोचला.

१९१७ मध्ये तो विकायचे ठरले. मित्सुबिशी उद्योगघराण्यातील इवासाकी हिसाया यांनी ३५,००० पौंड मोजून सारा संग्रह एकत्रच घेतला. त्यांनी तो स्वतःच्या दिवाणखान्याची शोभा होऊ दिला नाही. त्यात जपानी, चिनी व अन्य आशियाई ग्रंथांची भर घालून १९२४ मध्ये टोकियोत ‘तोयो बुन्को’ हे संशोधन-ग्रंथालय उभे केले. मॉरिसन १९२० मध्येच निवर्तले. त्यांचे ग्रंथ मात्र विखुरले नाहीत. आजही ते अभ्यासकांच्या उपयोगी पडतात.

जैन दर्शनात वस्तूवरील आसक्तीला परिग्रह म्हटले आहे. कुलूपबंद कपाटातील पुस्तकेही त्यातून सुटत नाहीत. ज्ञानपंचमीला अथवा श्रुतपंचमीला ग्रंथांचे पूजन होते. त्याच दिवशी घरातील पुस्तकांची सूची करावी आणि आपल्यामागे ती कोणत्या ग्रंथालयाला वा ज्ञानभांडाराला द्यावीत, हे हयातीतच लिहून ठेवावे. पेढीचा वारस ठरतो, तसा ग्रंथांचाही ठरावा.