फिरत्या गाडीतला फ्रिज : बदलण्याआधी तपासा

'स्वदेस' (2004) सारख्या चित्रपटांमुळे वाई-मेणवलीला व्हॅनिटी व्हॅन परिचयाच्या झाल्या. 2021 साली राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. अशी गाडी भाड्याने देणाऱ्याचा फ्रिज बंद पडला, की गिऱ्हाइकाचे दूध, मटण, कधी इन्सुलिनही वाया जाते. मग मालक घाईने नवा फ्रिज घेतो. आमच्या मते ही घाई नुकसानीची आहे.

आधी बॅटरीचे व्होल्टेज, फ्यूज, दाराचे रबर व मागची हवेची जाळी तपासावी. अमोनियावर चालणारा गॅसचा फ्रिज असेल, तर गाडी सपाट जागी हवी. पसरणी घाटात ती उतारावर तिरकी उभी राहिली, तर तो नीट थंड करीत नाही. तसाच चालू ठेवल्यास कायमचा बिघडतो. अमोनियाचा वास आल्यास मात्र दुरुस्तीचा हट्ट धरू नये, फ्रिज बदलावाच.

घाटात फिरणाऱ्या गाडीस 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज बरा. तो थोडा तिरकाही चालतो, पण बॅटरी दमदार हवी. कापड फाडण्याआधी आपण मोजतो, तसे खणाचे माप आधी घ्यावे, जुनी गॅसची नळी जाणकाराकडून बंद करून घ्यावी आणि पक्की पावती मागावी. आपल्या तरुणांनी हे काम शिकावे. त्यात इज्जतीची रोजी आहे.