मुतखडा मुलाचा, हत्यारं कुणाची?

“दुर्बीण मोठ्या माणसांना ठीक. एवढ्याशा पोराच्या किडनीत नळी कुठे घालता? एकदाच चिरा द्या, खडा काढा, मोकळे व्हा.” लहान मुलाला मुतखडा निघाला की घरातलं कुणी जाणतं माणूस असं म्हणतं. त्यामागची भीती निराधार नाही. स्वीडनच्या फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी १९७६मध्ये पाठीतल्या छिद्रातून खडा काढण्याची रीत मांडली. पुढे मोठ्यांसाठी रुळलेली नळी असे ८ ते १० मिलिमीटर जाडीची. वर्षाच्या बाळाची किडनी लांबीला साधारण ६ सेंटिमीटर, आणि १० किलोच्या बाळाच्या अंगात रक्त जेमतेम ८०० मिलिलिटर. त्यातलं १०० सांडलं तरी आठवा हिस्सा गेला. मोठ्यांची हत्यारं मुलाला लावली, तर त्या जाणत्या माणसाचंच खरं.

पण हत्यारं तशी राहिलीच नाहीत. नव्वदच्या दशकात मुलांसाठी नळी ४-५ मिलिमीटरवर आली. २०११मध्ये नडियादच्या मूळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटलमधल्या डॉ. महेश देसाई आणि सहकाऱ्यांनी १.६ मिलिमीटरच्या सुईतून केलेल्या शस्त्रक्रियांचा अहवाल मांडला. सुईतच बारीक दुर्बीण असल्याने आत शिरतानाच वाट दिसते. त्याच सुईतून लेसरची तार जाते आणि खड्याची भुकटी होते.

आणि ते “एकदाच”? चिऱ्याच्या बाजूचा सगळा भार या शब्दावर आहे, आणि तो शब्दच टिकत नाही. मुलांच्या खड्यामागे पुष्कळदा शरीरातला दोष असतो: लघवीत कॅल्शियम किंवा ऑक्झलेट जास्त, सायट्रेट कमी, क्वचित आनुवंशिक सिस्टिन्युरिया. खडा गेला तरी दोष राहतो, म्हणून खडा परत होऊ शकतो. मग जुन्या चिऱ्याखालच्या चिकटलेल्या भागातून पुन्हा वाट काढणं सर्जनला अवघड आणि मुलाला त्याहून.

मात्र छिद्र बारीक म्हणजे ऑपरेशन किरकोळ, हाही तितकाच घातक समज. सुईतून तुकडे ओढून काढता येत नाहीत. भुकटी लघवीवाटेच जावी लागते. त्यामुळे मोठा, फांद्या फुटलेला खडा सुईच्या आवाक्याबाहेरचा. आत सोडलेल्या पाण्याचा दाब वाढला आणि लघवीत जंतू असले, तर ते रक्तात शिरू शकतात. ते पाणी कोमट नसेल तर बाळ टेबलावरच गारठतं.

आईवडिलांनी विचारायचं ते इथे: मुलांच्या मापाची नळी आहे का? लहान मुलांना भूल देण्याचा सराव असलेले डॉक्टर आहेत का? लघवीचे जंतू आधी तपासले का? घरी आल्यावर मुलाची लघवी गाळून हाती लागलेले कण लॅबमध्ये द्यावेत. खडा कशाचा होता, हे त्यांतूनच कळतं.