रडीचा डाव कुणाचा?

कॉमिक्समधल्या खलनायकांच्या शक्तींचा विषय निघाला की दोन पक्ष हमखास समोरासमोर येतात. एक म्हणतो, हा सगळा पोरखेळ आहे. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकापुढे यातला एकही खलनायक टिकणार नाही. दुसरा म्हणतो, अहो, गोष्ट आहे ती, गोष्टीत कसला तर्क शोधता? दोघे कडाडून भांडतात, पण एक गोष्ट दोघांनाही मान्य असते : कॉमिक्सचा आणि तर्काचा काही संबंध नाही. मला नेमकी हीच गोष्ट अमान्य आहे.

पहिल्या पक्षाचा पुरावा भक्कम आहे, हे आधी कबूल करू. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी 1963 साली ‘एक्स-मेन’मध्ये आणलेला मॅग्नेटो घ्या. तो माणसाच्या रक्तातलं लोह ओढून घेईल, असं त्याचे चाहते छातीठोकपणे सांगतात. प्रौढ माणसाच्या अंगात लोह असतं सारं मिळून तीन-चार ग्रॅम, आणि त्यातलं बहुतेक हिमोग्लोबिनच्या रेणूंत अणू-अणूने विखुरलेलं. ते खिळ्यासारखं चुंबकाला चिकटत नाही. प्राणवायू घेतलेल्या हिमोग्लोबिनला चुंबक उलट किंचित दूर लोटतो, हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी 1936 सालीच दाखवून दिलं. एमआरआय यंत्रातलं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या हजारो पट असतं. त्यात झोपलेला रुग्ण तपासणी संपली की उठून चालू लागतो.

वंडर वुमनची वैरीण जायगँटा हवी तेवढी उंच होते. उंची दहापट झाली की हाडाचा छेद शंभरपट होतो, पण वजन हजारपट. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दहापट भार. हे गणित गॅलिलिओने 1638 साली मांडलं. पुढे भारतात स्थायिक झालेले जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1926च्या एका निबंधात याच गणिताने गोष्टींमधल्या राक्षसांची हाडं मोडून दाखवली. बॅटमॅनच्या मिस्टर फ्रीझची बंदूक समोरच्याला क्षणात गोठवते. मग त्याच्या अंगातली उष्णता जाते कुठे, याला उत्तर नाही.

एवढं सगळं मान्य. पण यातून सिद्ध काय झालं? या शक्ती अशक्य आहेत, इतकंच. शक्य आहेत असा दावा कुणी केला होता? अशक्य असणं वेगळं आणि अतार्किक असणं वेगळं. गृहीत धरलेल्या गोष्टीतून पुढचं पुढचं नीट निघतं की नाही, एवढंच तर्क पाहतो. गृहीतक खरं आहे का, हा प्रश्न त्याचा नव्हे. 1944 साली सुपरमॅनला छळायला आलेला मिस्टर मिक्सिझपिटलिक हा दुसऱ्या मितीतला बुटका विदूषक वाटेल ते करू शकतो. विज्ञानात त्याला शून्य गुण. पण त्याला एक नियम आहे : स्वतःचं नाव त्याच्या तोंडून उलटं वदवून घेतलं की त्याला आपल्या मितीत परत जावंच लागतं. म्हणजे सुपरमॅनचं बळ इथे निरुपयोगी, चालणार ती फक्त युक्ती. नियम चमत्कारिक आहे, पण तो पाळला जातो, आणि गोष्टीला तेवढं पुरतं.

मिनेसोटा विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जेम्स काकालिओस यांनी सुपरहिरोंच्या भौतिकशास्त्रावर 2005 साली पुस्तक लिहिलं. त्यांची भूमिका पहिल्या पक्षापेक्षा कितीतरी शहाणी आहे : प्रत्येक पात्राला एका चमत्काराची सूट द्या आणि मग बाकीचं विज्ञान त्याला लागू होतं का ते पाहा. मी या अटीत एका शब्दाची भर घालतो. सूट एकदाच.

आता दुसरा पक्ष. गोष्टीत तर्क शोधू नये, असं म्हणणाऱ्यांनी ‘अमेझिंग स्पायडरमॅन’चा 1973 सालचा 121वा अंक उघडावा. खलनायक ग्रीन गॉब्लिन स्पायडरमॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिला पुलाच्या मनोऱ्यावरून खाली फेकतो. स्पायडरमॅनचं जाळं तिला पाण्यावर आपटण्याआधी पकडतं, आणि त्याच चौकटीत तिच्या मानेजवळ हाड मोडल्याचा बारीकसा आवाज छापलेला आहे. समजा ती नव्वद मीटर पडली, तर वेग होतो ताशी दीडशे किलोमीटर. तो अर्ध्या सेकंदात थांबवायचा तर शरीरावर स्वतःच्या वजनाच्या नऊ-दहापट जोर येतो. वाचकांनी जाळं दहा वर्षं विनातक्रार मान्य केलं होतं. त्या दिवशी जाळ्याला जडत्वाचा नियम लागू झाला आणि अमेरिकन कॉमिक्सच्या इतिहासातला एक सर्वांत गाजलेला मृत्यू घडला. तर्काची गरजच नसती, तर त्या एका आवाजाने वाचक हादरले नसते.

दोन्ही पक्ष बाजूला सारल्यावर माझं म्हणणं मांडतो. तर्काची सर्वांत जास्त गरज आहे ती खलनायकाच्या शक्तीला. नायकाच्या शक्तीत थोडी ढिलाई खपते, कारण तो जिंकणार हे ठरलेलंच असतं. खलनायक मात्र हरायचा असतो आणि त्याची हार कुठून तरी यावी लागते. नायकाने आणखी जोरात ठोसा मारला, ही झाली कंटाळवाणी हार. खरी हार खलनायकाच्या शक्तीच्या पोटातूनच निघते. भस्मासुराची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती याचमुळे.

सँडमॅनचं शरीर वाळूचं होतं. 1963 साली स्पायडरमॅनने त्याला एका मोठ्या व्हॅक्युम क्लीनरमध्ये ओढून घेतलं. इलेक्ट्रो अंगात वीज साठवतो. 1964 साली स्पायडरमॅनने रबरी हातमोजे आणि बूट घालून त्याच्यावर पाण्याचा फवारा सोडला. दोन्ही शक्ती अशक्य आहेत. दोन्ही पराभव मात्र शाळकरी मुलालाही आधी सुचू शकले असते, आणि म्हणूनच ते पटतात. मॅग्नेटोचंही तेच. 2003च्या ‘एक्स-मेन’ चित्रपटात तो प्लास्टिकच्या कोठडीत कैद असतो. त्याची साथीदार पहारेकऱ्याच्या अंगात आधी लोह टोचते आणि मगच मॅग्नेटो ते ओढून काढतो. नुसत्या रक्तातलं लोह पुरणार नाही, हे चाहत्यांना नसलं तरी पटकथाकारांना ठाऊक होतं. उलट सुरुवातीच्या अंकांत याच मॅग्नेटोला देह सोडून मनाने संचार करता येत असे. चुंबकत्वातून हे कसं निघतं? निघत नाही. इथे सूट दुसऱ्यांदा घेतली, आणि रडीचा डाव सुरू झाला.

यावर आक्षेप येईल : ज्याची शक्ती अमर्याद आहे, त्या थॅनॉसचं काय? जिम स्टार्लिन यांनी 1991च्या ‘इन्फिनिटी गाँटलेट’मध्ये उत्तर देऊन ठेवलं आहे. शक्तीला मर्यादा नसेल तर ती माणसात शोधावी. हा थॅनॉस मृत्यूदेवतेच्या प्रेमात आहे आणि तिला रिझवायला अर्धं विश्व मारतो. मनातून तो स्वतःला त्या सत्तेच्या लायकीचा मानत नाही, म्हणून आपल्या पराभवाची फट स्वतःच ठेवतो. वेडाचार खरा, पण त्यालाही शिस्त आहे.

2018च्या ‘अव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर’ या चित्रपटाने थॅनॉसच्या तोंडी साधनसंपत्ती वाचवण्याचा युक्तिवाद घातला आणि तिथे तो कोसळला. पृथ्वीची तेव्हाची सुमारे 760 कोटी लोकसंख्या निम्मी केली की आपण 1970च्या दशकाच्या सुरुवातीला पोचतो. म्हणजे पन्नासेक वर्षांत पुन्हा तिथेच. हाती सर्वशक्ती असताना धान्य दुप्पट का केलं नाही, हा प्रश्न जगभरच्या प्रेक्षकांनी विचारला. त्याने चुटकी वाजवताच माणसं नाहीशी कशी होतात, यावर मात्र फारसा वाद झाला नाही. चमत्काराला सूट द्यायची आणि विचारसरणीला द्यायची नाही, हे प्रेक्षकाला कुणी शिकवावं लागलं नाही.

म्हणून खलनायकाची शक्ती प्रयोगशाळेत नेऊ नका आणि देव्हाऱ्यातही ठेवू नका. तिचे नियम कोणते, ती वापरायची किंमत काय आणि ते नियम शेवटच्या पानापर्यंत पाळले का, एवढं विचारा. वाचकाला फसवायचा परवाना खलनायकाकडे असतो, त्याच्या लेखकाकडे नाही.