आधी पेन्सिल, मग स्लायडर

शिक्षक मित्रांनो, मालवणच्या पोरांना उधाण आणि भांग शिकवावं लागत नाही, ते किनाऱ्यावरचे रोजचे शब्द. पण पुस्तकातला भरतीचा आलेख छापलेला, मुका. शायनीसारखं साधन (2012 पासून मोफत) वापरलं, की स्लायडर सरकवताच त्यावर अवलंबून असलेला आलेख तेवढा नव्याने काढला जातो, बाकी पान तसंच राहतं.

दोन लाटा घ्या. चंद्राची 12 तास 25 मिनिटांची, सूर्याची 12 तासांची. सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. दोघांची बेरीज महिनाभर काढा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग! आता सूर्य शून्यावर आणा. दोन्ही गायब, रोज सारखीच भरती.

मात्र माझं स्पष्ट मत आहे, स्लायडर आधी मुलांच्या हाती देऊ नका. दिलात तर रेघ नाचते, पोरं हसतात, तास संपतो. सूर्य काढला तर काय होईल, ते आधी वहीत काढायला लावा. मगच सरकवा. ज्याची रेघ चुकली, तोच "असं का हो सर?" विचारतो.

आणि हो, उभ्या अक्षाचं माप पक्कं बांधा. नाहीतर आलेख दर वेळी स्वतःच माप बदलतो आणि लहान भरतीही मोठ्या भरतीएवढीच उंच दिसते.