तक्त्यावर ‘नको’ हवंच

न बोलणाऱ्या मुलाच्या घरी गेले की पहिला प्रश्न बहुधा हाच असतो, ‘मॅडम, हा बोलेल ना?’ मी स्पीच थेरपिस्ट आहे, सांगली-मिरज भागात काम करते. या प्रश्नामागची तगमग मला कळते. पण उत्तराची वाट बघण्यात वर्षं जातात आणि त्या वर्षांत मुलाला जे सांगायचं असतं ते त्याच्यापाशीच राहतं.

क्षमता जन्मतःच ठरून गेलेली नसते, ती वाढू शकते, असं मानणारा माणूस अडचणीपुढे टिकून राहतो, अशी मांडणी मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांनी ‘माइंडसेट’ या २००६ च्या पुस्तकात केली. शाळांनी त्यातून ‘प्रयत्न कर, जमेल’ एवढंच उचललं. नुसत्या मेहनतीचं कौतुक पुरत नाही, जमत नसेल तर पद्धत बदलावी, मदत घ्यावी, हे २०१५ मध्ये ड्वेक यांनाच पुन्हा लिहावं लागलं. आता न बोलणाऱ्या मुलाने पद्धत बदलायची कशी? बोट ठेवून सांगायच्या चित्रांच्या तक्त्यावर कोणती चित्रं, बोलण्याऐवजी वापरायच्या टॅबमध्ये कोणते शब्द, तो कधी समोर ठेवायचा, सगळं मोठी माणसं ठरवतात. म्हणून शिकण्याची तयारी आधी त्यांनी दाखवायला हवी.

सेरेब्रल पाल्सी असलेला एक मुलगा माझ्याकडे येतो. घरच्या तक्त्यावर चार चित्रं होती: पाणी, जेवण, शू, झोप. ‘हा तक्ता वापरतच नाही,’ अशी घरच्यांची तक्रार. वापरेल कशाला? पाणी आई न मागताच देते. आम्ही ‘नको’, ‘अजून’, ‘तू कर’, ‘कंटाळा आला’, ‘दुसरं दे’ हे शब्द घातले. आईला सांगितलं, बोलताना तुम्हीही बोट ठेवा. भाकरी करताना ‘अजून एक’ म्हणायचं आणि पिठाचं बोट ‘अजून’वर टेकवायचं, लॅमिनेशन पुसता येतं. तान्हं मूल वर्षभर नुसतं ऐकतं, तेव्हा त्याला भाषा येणार नाही असं कोणी म्हणत नाही. या मुलालाही तेवढीच मुभा हवी होती. तो कितीतरी दिवस नुसता बघत होता. मग एका संध्याकाळी आजोबांनी मॅच बदलून बातम्या लावल्या, तेव्हा त्याची मूठ ‘नको’वर पडली. त्यानंतर आंघोळ नको, गोळी नको, मीसुद्धा नको! आजी वैतागल्या. मला मात्र फार आनंद झाला, कारण त्याला स्वतःचं मत आहे हे आता घरात सगळ्यांना मान्य करावं लागत होतं.

चित्रं दिली तर तोंडाने बोलायचा आळस करेल, ही भीती घरोघरी भेटते. मिलर, लाइट आणि श्लोसर यांनी २००६ मध्ये आधीचे अभ्यास तपासले. भक्कम पुरावा असलेल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं. बहुतेकांचं थोडंफार वाढलंच होतं. साधनंही आवाक्यात आली आहेत. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे अ‍ॅप मोफत आहे आणि मराठीत चालतं.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. मुलाचा हात धरून त्याच्याकडून टाइप करून घेण्याच्या पद्धतीपासून अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट सावध केलं, कारण उमटणारे शब्द मदतनिसाचे असतात. उमेद कितीही मोठी असली तरी मुलाच्या नावावर आपली वाक्यं खपवायची नाहीत.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुंबईच्या मालिनी चिब यांनी एका बोटाने टाइप करत ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मचरित्र लिहिलं. त्यांच्या जिद्दीचं कौतुक होतं, व्हायलाच हवं. पण त्यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया उभी केली होती, हेही त्याच दमात सांगायला हवं. जिद्दीला भोवतालच्या मोठ्या माणसांची तयारीही लागते.

दिव्यांग हक्क कायद्याने २०१६ मध्ये संवादाच्या व्याख्येत अशा पर्यायी साधनांना जागा दिली. तरी फुटेल म्हणून कपाटात कुलूपबंद ठेवलेले टॅब मी शाळांत बघते. तासापुरते बाहेर येतात, तास संपला की आत. तो टॅब मधल्या सुट्टीत, डबा खाताना, भांडणातसुद्धा मुलाजवळ हवा. फुटला तर दुरुस्त करता येतो.