दातांचे कवच आणि घराचे वळण

चिंच किंवा कच्ची कैरी पोटभर खाल्ली की ‘दात आंबले’ असे म्हणण्याची मराठी माणसाची रीत आहे. आंबलेल्या दातांनी पोळीचा मऊ घाससुद्धा चावता येत नाही, हा अनुभव शाळकरी वयात ज्याने घेतला नाही असा माणूस विरळाच. आयुर्वेदात या अवस्थेला ‘दंतहर्ष’ असे नाव आहे आणि अम्ल रसाच्या अतिसेवनाचे दोष सांगताना चरकसंहितेने त्याचा स्पष्ट उल्लेख केला आहे. आंबट आणि दात यांचे वैर आपल्या पूर्वजांना ठाऊक होते, याला याहून वेगळा पुरावा नको. फरक इतकाच की, पूर्वी दात कैऱ्यांच्या मोसमात चार दिवस आंबत. आता ते बारा महिने आंबतात आणि आंबल्याचे कळतही नाही. कारण आजचा आंबटपणा साखरेच्या थराखाली झाकून पेल्यात येतो.

कवच एकदाच मिळते

दाताच्या बाहेरील पांढऱ्या, चकचकीत आवरणाला इनॅमल किंवा दंतवल्क म्हणतात. मानवी शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. मात्र दाढेच्या उंचवट्यावरही त्याची जाडी जेमतेम अडीच मिलिमीटर असते आणि दुधाच्या दातांवर तर त्याहून पुष्कळ कमी. हाड मोडले तर सांधते, कातडी खरचटली तर भरून येते. पण इनॅमल घडविणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येण्याच्या सुमारासच नष्ट झालेल्या असतात. त्यामुळे गेलेले इनॅमल शरीर पुन्हा निर्माण करू शकत नाही. कर्णाला कवचकुंडले एकदाच मिळाली होती. माणसालाही दातांचे कवच एकदाच मिळते.

हे कवच झिजते कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. आम्लता मोजण्याचे ‘सामू’ हे परिमाण आहे. शुद्ध पाण्याचा सामू ७. तो साधारण साडेपाचच्या खाली गेला की, इनॅमलमधील कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतात. कोलावर्गीय पेयांचा सामू अडीचच्या आसपास असतो, लिंबाच्या रसाचा त्याहूनही थोडा कमी. या मोजपट्टीवरील प्रत्येक अंक म्हणजे दहा पटींचा फरक. याचा अर्थ, साडेपाचच्या मर्यादेपेक्षा कोला सुमारे हजारपट आम्लधर्मी आहे. दात किडण्यासाठी साखर आणि जंतू लागतात. या झिजेसाठी जंतूंचीही गरज नाही. म्हणूनच ‘शुगर-फ्री’ पेय घेणाऱ्या मधुमेही गृहस्थाने निश्चिंत राहू नये. साखर काढली तरी आम्ल तेथेच असते.

निसर्गाने यावर उपाय ठेवला आहे, तो म्हणजे लाळ. ती आम्ल सौम्य करते, धुऊन टाकते आणि मऊ झालेल्या थरावर खनिजे परत आणून बसविते. मात्र त्यासाठी तिला वेळ हवा. एक पेला सरबत पाच मिनिटांत पिऊन संपविले, तर लाळ आपले काम पूर्ण करते. तेच पेय संगणकासमोर बसून दोन तास घोटघोट घेतले, तर लाळेला उसंतच मिळत नाही. किती प्यायले यापेक्षा कितीदा प्यायले हे दाताच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे.

स्वदेशी बाटलीतील आम्ल

शीतपेयांचा विषय निघाला की, राष्ट्रीय विचारांच्या माणसाला इतिहास आठवतो. विदेशी चलन कायद्यानुसार भारतीय भागीदारी वाढविण्यास नकार देऊन कोका-कोला १९७७ मध्ये देशाबाहेर गेली. तिची जागा घेण्यासाठी सरकारी क्षेत्रातून ‘डबल सेव्हन’ हे पेय आले. १९९३ मध्ये तीच कंपनी परतली आणि थम्स अपसारखे यशस्वी भारतीय नाव तिने विकत घेतले. २००३ मध्ये शीतपेयांतील कीटकनाशकांच्या अंशांवरून गदारोळ झाला आणि संयुक्त संसदीय समिती नेमावी लागली. २०२३ मध्ये कॅम्पा कोला हे जुने देशी नाव एका भारतीय उद्योगसमूहाने पुन्हा बाजारात आणले, याचा अनेकांना आनंद झाला. पैसा देशात राहावा, ही भूमिका योग्यच आहे.

परंतु येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आम्लाला राष्ट्रीयत्व नसते. विदेशी बाटली नाकारून तिच्या जागी देशी बाटली अभिमानाने मुलाच्या हाती देणारा पालक अर्थकारणाची एक बाजू सांभाळत असेल; मुलाच्या दाताची मात्र सांभाळत नाही. स्वदेशी म्हणजे केवळ कारखान्याचा पत्ता नव्हे. ती जीवनपद्धती असेल, तर तहानेला पाणी आणि पाहुण्याला ऋतूनुसार ताक, दूध, शहाळे हा तिचा व्यवहारातील अर्थ होय.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचेच उदाहरण घ्यावे. आंब्याची डाळ आणि पन्हे ही त्या सोहळ्याची ओळख. आज अनेक सदनिकांत पन्ह्याच्या जागी दोन लिटरची बाटली फिरते, कारण ते सोपे पडते. पन्हेही आंबटच, हे मान्य. परंतु ते वर्षाच्या एका ऋतूत, एका बैठकीत एक पेला घेतले जाई. बाटली शीतकपाटात रोज उभी असते आणि येता-जाता मूल ती तोंडाला लावते. प्रश्न पदार्थाइतकाच मर्यादेचा आहे.

आरोग्याच्या नावाखाली होणारी झीज

दोष केवळ बाजाराचा नाही. कित्येक सुशिक्षित घरांत सकाळी उठल्याबरोबर कोमट पाण्यात लिंबू पिळून घेण्याचा नेम चालतो. त्यानंतर लगेच ब्रश. आम्लाने मऊ झालेला थर आणि त्यावर लागलीच घर्षण, याहून दातांना घातक असा क्रम शोधूनही सापडणार नाही. ज्यांना हा नेम सोडवत नाही त्यांनी आधी दात घासावेत, मग लिंबूपाणी एका दमात घ्यावे आणि साध्या पाण्याने खळखळून चूळ भरावी. चघळण्याच्या ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचेही तसेच आहे. त्या दातांत घोळवीत बसू नये.

‘आमचे आजोबा राखुंडीने दात घासत आणि शेवटपर्यंत सुपारी फोडत,’ हे वाक्यही अनेकदा ऐकू येते. आजोबांना थोर मानावे, परंतु राखेचे आणि विटकरीच्या भुकटीचे खरखरीत कण इनॅमल खरवडतात, हे नाकारता येत नाही. मिश्रीने तर पिढ्यान्पिढ्या घरच्या स्त्रियांच्या मुखाचे वाटोळे केले. ती भाजलेली तंबाखूच होय. दंतमंजनात तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी केली, तरी घरी भाजलेली मिश्री काही खेड्यांतून अद्याप गेलेली नाही. परंपरेचा अभिमान डोळस असला पाहिजे. जे शास्त्राने सांगितले ते वेगळे आणि जे केवळ सवयीने चालत आले ते वेगळे.

शास्त्राने काय सांगितले? चरकसंहितेत दिवसातून दोन वेळा दात स्वच्छ करण्याची आज्ञा आहे. काडीचे टोक चावून मऊ करावे, हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, असे सांगितले आहे. काडी तुरट, तिखट वा कडू रसाची असावी; त्या यादीत आंबट नाही. वाग्भटाने अष्टांगहृदयात ज्यांनी दंतधावन करू नये अशांची गणना केली आहे, तीत अजीर्ण आणि वांती झालेल्यांचा समावेश आहे. त्यामागील त्याचा विचार दोषांच्या भाषेतील असेल. पण आजचा दंतवैद्यही वांतीनंतर किंवा छातीशी आंबट पाणी आल्यावर लगेच ब्रश करू नका, असेच बजावतो. जठरातील आम्ल कोणत्याही सरबताहून प्रखर असते.

वळण घरातूनच लागते

उपाय खर्चिक नाहीत. आंबट खाल्ल्या-प्यायल्यावर प्रथम चूळ भरावी. ब्रश अर्ध्या ते एक तासाने करावा. ब्रश मऊ केसांचा आणि हात हलका असावा. फ्लोराइडयुक्त पेस्टने इनॅमलचा आम्लाला होणारा विरोध वाढतो. लहान मुलांना ती अगदी थोडी द्यावी. रात्री झोपेत लाळ कमी होते, म्हणून झोपण्यापूर्वी दात घासल्यानंतर पाण्याखेरीज काही नको. भोजनाच्या शेवटी दही-ताक उत्तम. ते आंबट असले तरी त्यातील कॅल्शियम आणि फॉस्फेटमुळे दातांना फारसे बाधत नाही. वारंवार आम्लपित्त उसळत असेल, तर त्याचा इलाज करून घ्यावा. दात पिवळे दिसू लागले म्हणून अधिक जोराने घासणे ही तर मोठीच चूक. झिजलेल्या इनॅमलखालचा पिवळसर डेंटिन डोकावत असतो, तो घासून पांढरा होत नाही, उलट आणखी उघडा पडतो. थंड पाण्याने कळ येणे आणि पुढील दातांच्या कडा काचेसारख्या पारदर्शक दिसणे, या खुणा दिसताच दंतवैद्य गाठावा.

शाळांविषयी नियम झालेले आहेत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमावलीनुसार अतिरिक्त साखर, मीठ आणि मेद असलेल्या पदार्थांची शाळेच्या आवारात आणि प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या परिसरात विक्री करता येत नाही. हा नियम कागदावर राहतो की फाटकापर्यंत पोहोचतो, हे पालकांच्या जागरूकतेवर अवलंबून आहे. पालकसभेत एका पालकाने हा प्रश्न विचारला तरी आरंभ होईल.

शिबिर असो, सहल असो वा कार्यकर्त्याच्या घरचे मंगलकार्य, घाम गाळून आलेल्या बालांच्या पुढे प्रथम पाण्याचा पेला यावा. घामाने तोंड कोरडे पडते, लाळ कमी झालेली असते. नेमक्या त्या वेळी दिलेले आंबटगोड पेय सर्वाधिक अपाय करते. समाजाला शिस्त शिकवू पाहणाऱ्यांच्या पंगतीत ही एवढी शिस्त अवघड नाही. सहाव्या-सातव्या वर्षी आलेला कायमचा दात सत्तर वर्षे सोबत करण्यासाठी आलेला असतो. तो टिकेल की नाही, हे बऱ्याच अंशी घरच्या शीतकपाटात पाण्याशेजारी काय ठेवले आहे, यावर ठरते.